झुळुकेचा घन

बडोद्याबाहेर, कपुराई चौकडीवर
रात्री दोनपासून पातं अडकलंय.
साठ मीटर. कडुलिंबाची एक फांदी सोडेना.
मी हिशेब खात्यातली, दंड भरायला आलेली.

आईला झोप नाही. दांडिया बाजारातून फोन:
"इंद्रायणी, वारा फुकट ना गं?
मग बँक कशाला?"
कसं सांगू,
फुकटचं धरायला वीस वर्षांचे पैसे
आधीच मोजावे लागतात.
वारा निम्म्यावर आला
की वीज आठव्या हिश्श्यावर.
हप्ता तेवढाच.

ट्रेलरवाला चादर अंथरून निजला.
मी पात्याला टेकले.
गार, आतून पोकळ.
झुळूक आली, घाम वाळेल एवढीच.
सवयीनं तिचा घन केला:
जवळजवळ काहीच नाही.

कडुलिंब मात्र सबंध हलला.