गड्ड्यावरचं व्हेनिस

होम मैदानावर, आकाशपाळण्याच्या मागं,
नदाफच्या फोटोच्या तंबूत
दहा रुपयांत व्हेनिस मिळायचं.

पडदा चन्नय्यानं रंगवलेला.
त्यानं गाव बघितलं नव्हतं,
एका बिस्किटाच्या डब्याचं झाकण तेवढं बघितलं होतं.
झाकण जिथं गंजलं होतं
तिथलं त्यानं आपल्या मनानं भरलं:
किल्ल्याचा बुरूज, खंदकातलं शेवाळ,
आणि पाण्यात उलटी पडलेली
गिरणीची चिमणी.

होडी लाकडी, खाली चार विटा.
गर्दी मात्र अस्सल.
हरवलेलं पोर, कर्ण्यावरून त्याचं नाव,
कुणाचं तरी कोपर बरगडीत,
आणि मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये चढलेलं,
तेलुगूत मिटलेलं एक भांडण.

लचम्मा आत्या कारखान्यात
हजार विड्या मोजून देऊन तशीच आली होती.
तंबाखूचा वास बोटांना.
होडीत पाय टाकण्याआधी तिनं चप्पल काढली,
साडी घोट्याच्या वर धरली.
"आत्या, पडदा आहे तो."
"नीळ्ळु," ती म्हणाली. पाणी.

आमच्या गल्लीत नळ चार दिवसांआड यायचा,
तोही रात्री दोनला.
तिनं कालव्याकडं बघत विचारलं,
"हितं रोज येतं व्हय?"
नदाफ कॅमेऱ्यामागून म्हणाला,
"दाराशी येतं मावशी. कधी कधी दाराच्या आत."
"मग घागरी कशात भरून ठेवत्यात?"
नदाफला काही सुचेना.
तेवढ्यात तिला चिमणी दिसली.
"आमच्या ह्यांची तिसरी पाळी," ती म्हणाली,
"हितंच की."
त्यानं बटण दाबलं.

फोटोत ती हसत नाहीये.
एक हात होडीबाहेर, बोटं जरा वाकलेली,
घागर बुडवण्याआधी
वरचा कचरा बाजूला सारतात ना,
तशी.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो.
गिरणीला कुलूप लागलं होतं,
काका घरीच, उंबऱ्याशी टॉवेल विकायला मांडून.
पडदा तोच, होडी तीच,
दर पंधरा रुपये.
चिमणी होती तिथं चन्नय्यानं
निळ्या रंगाचा जाड हात मारलेला.

आत्या बराच वेळ बघत राहिली.
मागून रांग ओरडायला लागली.
तिनं साडी यंदा गुडघ्यापर्यंत धरली,
आणि म्हणाली,
"पाणी वाढलंय."