पावलं वाळायच्या आत

या मे महिन्यात कुठेच जायचं नाही असं ठरलं,
म्हणजे आम्ही ठरवलं नाही,
फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला
आणि आपोआपच ठरलं.

माझी सेकंड शिफ्ट.
अंबडच्या कंपनीची बस अडीचला त्रिमूर्ती चौकात.
तोवरची सकाळ माझी,
म्हणजे हिंदवीची आणि शर्विलची,
मला त्यातलं जे उरेल ते.

दिंडोरीहून मेहुण्याने दिलेली
द्राक्षाची आठ रिकामी कॅरेट गच्चीवर पडून होती.
ती चौकोनात मांडली,
आत ताडपत्री अंथरली, कडा बाहेर दुमडल्या,
वर विटा.
हिंदवी म्हणाली, हे आपलं रामकुंड.

नळ सव्वासहाला येतो, पाऊण तास.
तीन जिने, एक बादली,
मागे तांब्या घेऊन शर्विल,
अर्धा तांब्या जिन्याला, अर्धा कुंडाला.
मोजायचं काम त्याच्याकडे.
सतरा, अठरा, वीस.
एकोणीस त्याला अजून भेटलेला नाही.
त्यामुळे आमच्या हिशोबात
एक बादली कायम जास्तीची निघते.

पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत.
तेवढ्यात तो नाक धरून तीन बुड्या मारतो,
बाहेर डोकं काढून विचारतो,
मी दिसत होतो का?
आम्ही म्हणतो, छे!

खेळ हिंदवीने काढला.
ओल्या पायाने कुंडातून निघायचं,
टाकीपर्यंत चालत जायचं, वळून बघायचं,
कुणाचं पाऊल शेवटपर्यंत टिकतं.
आठ वाजता पावलं निवांत असतात.
दहाला बोटं आधी जातात, मग चवडा,
टाच थोडी हट्ट करते.
अकराला तर पाय उचलेस्तोवर
खाली कोरडी गच्ची,
आणि आम्ही तिघं चटके खात
उड्या मारत परत पाण्यात.

जिंकतो मीच.
लबाडी, लबाडी, म्हणत हिंदवी माझा तळवा उलटा करून बघते.
बाबा, तुझ्या पायाला खड्डाच नाही!
नाही खरा.
याच पायाने मला पोलीस भरतीत
सोळाशे मीटर पळून झाल्यावर बाद केलं होतं.
मेडिकलवाल्याने ओल्या फरशीवर उभं केलं,
खाली बघितलं,
आणि पुढच्याला हाक मारली.
त्या फरशीवरचा ठसा किती वेळ राहिला असेल,
मी थांबलो नव्हतो.
इथे दोन परीक्षक ओणवे होऊन बघतायत.
अजून आहे, शर्विल ओरडतो, अजून आहे!

बाराला ज्योत्स्ना शिवणक्लासहून येते.
आधी पाण्यावरून बोलणी:
चोवीस बादल्या, लोकांना प्यायला नाही.
मग चप्पल काढते,
साडी पिंढरीपर्यंत धरून काठावर बसते,
कॅरेट करकरतं,
आणि पुढची पाच मिनिटं
ती कुणाची आई नसते, बायको नसते,
समोर पांडवलेणीचा डोंगर उन्हात तांबूस
आणि तिचे पाय पाण्यात.

पाणी वाया जात नाही, हे नोंदवून ठेवतो.
सहा बादल्या कूलरला,
चार खैरनारकाकूंच्या कढीपत्त्याला
(त्याबद्दल दोन कैऱ्या, तिखटमीठ लावून),
बाकीच्यात जिना धुतो,
वरून खाली,
मुलं पायरी-पायरीने पाण्याला वाट दाखवत.

अडीचला बस.
बुटात मोजे ओलसर.
मशीनशी उभा राहतो तेव्हा
बोटं अजून सुरकुतलेली असतात,
सुपरवायझर विचारतो, ताप आहे का?

रात्री पावणेबाराला घरी.
कूलर त्या पाण्यावर घरघरतोय,
दोघं आडवीतिडवी,
हिंदवीचा पाय भावाच्या पोटावर.
शर्विल झोपेत पुटपुटतो:
सतरा... अठरा...
मी श्वास धरून थांबतो.
वीस.

मी काही बोलत नाही.
उद्या पाणी कमी दाबाने येणार आहे म्हणे.
एक बादली जास्तीची
असलेली बरी.