गाळलेली ओळ

देवबागला वीज एकाच वाटेने येते.
तारकर्ली मागे पडली की डावीकडे कर्लीची खाडी, उजवीकडे समुद्र,
मधे रस्ता, माड
आणि खांबांची एक रांग, जिला वळायला जागाच नाही.
माझ्या प्रबंधात याला वृक्ष म्हणतात.
बेचाळीस बिंदू, एक्केचाळीस शाखा, वेढा एकही नाही.
एक शाखा तुटली की तिच्या पुढचं सगळं काळं.
सिद्धता दीड ओळीची आहे.

लवू कुबल लाइनमनला ती सांगितली
तेव्हा तो खांबाला टेकून तळव्यातला काटा काढत होता.
"म्हणजे झाडार झाड पडला, इतक्याच मां?
ह्या शिकाक तुमी पुण्याक गेलास?"
मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर
त्याने माझा आलेख पुन्हा काढला.
सतरा नंबरच्या खांबाशी एक फणस.
"आतून पोकळ आसा. हंयसून तुटतला."
माझ्या तक्त्यात त्या शाखेला शंभरात तीन होते.

वादळ शुक्रवारी आलं.
फणस पडला.

अकरा दिवस.
आणि समोर, खाडीच्या तोंडापलीकडे, भोगव्याचे दिवे:
तालुका वेगळा, फीडर वेगळा, बिलाचा रंगसुद्धा वेगळा.
पाण्यावरून हाक मारावी इतकं जवळ,
रस्त्याने निघालं तर जेवायची वेळ टळते.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंता सारंगने
बर्फाची पेटी धुतली, पुसली, उन्हात ठेवली.
बांगड्याचा वास तरी राहिलाच.
तीत त्रेपन्न मोबाईल,
प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव,
सासऱ्याचं वाफ घ्यायचं यंत्र, माझा लॅपटॉप.
पेटी होडीत, होडी पलीकडे,
पलीकडे शाळेच्या पडवीत एक लांबलचक बोर्ड.
दिवेलागणीला परत.
(हा शब्द त्या आठवड्यात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं.)

लवू म्हणाला, "ही घेवा तुमची जोडशाखा. वेढो पुरो झालो."

मी मॅट्रिक्सला एक स्तंभ वाढवला.
भोगव्यापाशी अधिक एक, देवबागेपाशी उणे एक.
सरांनी विचारलं, या शाखेचा रोध किती?
मी लिहिलं: ओहोटीला जास्त.
एरवी डिझेल मिळेल तसा.
रात्री आठनंतर अनंत, कारण शेवंताच्या सुनेचे दिवस भरत आलेत.
सरांनी ते खोडलं.
त्यांचं बरोबरच होतं.

पण खोडलेलं वाचताना मला दिसलं ते वेगळंच.
प्रत्येक स्तंभाची बेरीज शून्य,
म्हणून एक ओळ नेहमी जास्तीची असते.
कुठलीही गाळा, उरलेल्यांवरून ती काढता येते.
हे पहिल्या वर्षाला शिकवतात, मीही शिकवलंय.
पाच वर्षं, प्रत्येक पेपरात,
मी शेवटची गाळत आले, निव्वळ सवयीने.
शेवटची म्हणजे बेचाळिसावी.
बेचाळिसावी म्हणजे संगमाच्या टोकाला,
शेवंताच्या पाणंदीतला ट्रान्सफॉर्मर.

ती परत घातली. तिच्याऐवजी सबस्टेशनची गाळली.
कळफलकाला बांगड्याचा वास येत होता.
गणित पुन्हा चालवलं.
उत्तर तेच. चौथ्या दशांशापर्यंत तेच.
तेच यायला हवं होतं, तो नियमच आहे.
मी ओळ मात्र तशीच ठेवली.

बाहेर शेवंता बॅटरीच्या उजेडात नावं वाचत होती,
अंधारातून एकेक हात पुढे येत होता.
शेवटी एक मोबाईल उरला,
पट्टी भिजून शाई पसरलेली.
"कोणाचो?"
कोणी बोललं नाही.
मग तोच वाजायला लागला.