उद्यापासून

कागदावर लिहिलंय, उद्यापासून.
सही आज केली, दुपारी बारा-वीसला,
लोरेदानाबाईंच्या टेबलावर, दोरीला बांधलेल्या पेनानं.
पण कायदा म्हणतो, दुसऱ्या दिवसापासून.
मग आजची रात्र
मी नेमकी कुणाच्या खात्यात?

गाव आर्झिन्यानो. कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचं.
नवखी माणसं नाक धरून उतरतात बसमधून.
आम्ही समुद्रावरून परत येताना
गाडीत झोपेतच कळतं त्या वासावरून,
की घर आलं.
माझी नाळ कुणी पुरली नाही.
दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत गेली ती,
गावाच्याच कचऱ्यात, गावाच्याच भट्टीत.
याहून खोल कुठं पुरतात, मला ठाऊक नाही.

बाईंनी विचारलं, जन्मापासून सलग इथेच?
सलग, मी म्हणाले.
फायलीत मात्र नऊ महिन्यांचं भगदाड.
तेव्हाच्या घरमालकानं भाडं घेतलं, पत्ता दिला नाही.
गावाच्या नोंदवहीत आम्ही कुठेच राहत नव्हतो,
आणि त्याच नऊ महिन्यांत
कुठल्याशा फरशीवर मी रांगायला शिकले.

आईनं पर्समधून लसीचं कार्ड काढलं,
बिस्किटांच्या डब्यात अठरा वर्षं जपलेलं.
डॉक्टर फ्रिगोंचे तीन शिक्के, तीन तारखा.
एकाची शाई पसरलेली;
तू हात झटकलास, आई म्हणते, किती रडलीस.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
तारखा बोटावर मोजल्या,
आणि म्हणाल्या, चालेल.
मांडीत टोचलेली सुई
इतक्या वर्षांनी माझ्या बाजूनं साक्ष देऊन गेली.

क्वाबेना बाहेर जिन्यात उभा होता.
माझा भाऊ. अकरा महिन्यांचा असताना विमानातून उतरला,
ते अकरा महिने त्याचे अजून फिटत नाहीत.
इथली बोली त्याला माझ्याहून चांगली येते;
पेनल्टी हुकली की तो जे बोलतो
ते लोरेदानाबाईंनाही लिहिता यायचं नाही.
त्यानं मला उचललं, गरकन फिरवलं, खाली ठेवलं.
"आता विमानतळावर आपल्या रांगा वेगळ्या."
हसला. मीही हसले.
मग पार्किंगच्या यंत्रासाठी
दोघं खिशात सुटे पैसे शोधत राहिलो,
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

आई पहाटे पाचपासून माझी वेणी घालत होती.
घट्ट. अजून कपाळ ओढल्यासारखं वाटतंय.
गाडीत तिनं त्वीमध्ये विचारलं, काय वाटतंय गं?
मी इटालियनमध्ये म्हणाले, भूक लागलीय.
तिनं मागे वळून पाहिलं नाही.
तिचा परवाना मार्चमध्ये संपतो.
पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा पहाटेचा नंबर.
मी सोबत जाईन, नेहमीसारखी,
फॉर्म भरायला,
फक्त या खेपेला माझं नाव
दुसऱ्याच रकान्यात लिहावं लागेल: नातेवाईक.

अठरा वर्षं इथं राहून
इथंच राहायचंय अशी इच्छा जाहीर केली आज.
शब्द तोच होता, इच्छा.
ज्यांना कुणी कधी विचारलं नाही
त्या माझ्या वर्गातल्या पोरी
उद्या केक आणणार आहेत.

अकरा. साडेअकरा.
आई ओट्यावर बाबांचं ताट झाकून झोपली.
खाली मोरीतून कारखान्याचं पाणी वाहतंय.
आरशात पाहिलं एकदा, उगाच.
दाताला पालक अडकला होता.

बारा वाजून चार मिनिटांनी दारात किल्ली फिरली.
ओव्हरटाइम. बाबा अंधारात थबकले.
"कोण जागं आहे?"
"मी."
"मी कोण?"
"अकोसुआ," म्हटलं,
"बूट बाहेरच काढा."