पहिली मूठ

आमच्या पिंपळगाव बहुल्याला
घरपट्टी शहराची लागते, नळाला पाणी गावाचं येतं.
एका हाताला सातपूरच्या कंपन्या,
दुसऱ्या हाताला उरलीसुरली द्राक्षबाग, तिच्या कुंपणावर प्लॉटचा बोर्ड.
मधे माझी गिरणी.
नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलेल्या पैशांची,
दहा हॉर्सपॉवरची, निळी.

मला माणसं डब्यावरून कळतात.
मुनाफ पेंटरचा डबा वीस लिटरचा,
त्यावर अजून 'आयव्हरी' लिहिलेलं.
रामपरवेश भाजलेले चणे आणतो सिमेंटच्या धुतलेल्या गोणीत,
खोलीतल्या पाच जणांचं सत्तू, आठवडाभराचं.
लीलाम्मा सिस्टर नाइट ड्युटी करून येतात,
उन्हात वाळवलेले तांदूळ, डोळ्यांत झोप.
धुळ्याकडच्या विमलताई पट्ट्यावर नजर ठेवून उभ्या,
"मना कळना बारीक नको करजो, बहीण."
नाही करत. इतक्या वर्षांत एकदाच झाला होता,
त्याचं अजून ऐकते.

देवळालीला तोफांचा सराव असला
की काट्याचं पारडं थरथरतं.
तेव्हा कुणी घाई करत नाही.
धडाडून गेलं की मग वजन.

वृंदावन हाइट्समधल्या टाकसाळेबाई
एकदा दारातूनच म्हणाल्या,
"आमचं आधी घ्या. त्यांच्यानंतर नको.
नाहीतर गिरणी धुऊन घ्या."
'त्यांच्या' म्हणताना हनुवटी जराशीच हलली,
पण कुठे हलली ते सगळ्यांनी पाहिलं.
मुनाफची बायको ओढणीला लागलेलं पीठ झटकत राहिली,
नव्हतं तरी.

मी म्हटलं, बाई, गिरणी धुता येत नाही.
पाणी लागलं तर जात्याला पीठ धरतं.
तिला पुढचं धान्यच धुतं.
प्रत्येकाच्या पिठातली पहिली मूठ
आधीच्याची असते.
तुमची त्यांच्यात जाते. रोज.
त्या डबा उचलून गेल्या.
चार दिवसांनी मुलाला पाठवलं. गहू, दहा किलो.
पैसे मोजून, सुटे.

आणि त्या बुधवारी लाइट गेली.
मंगळी भोयेची नागली अर्धी आत, अर्धी बाहेर.
पायरीवर सगळे बसले, आपापल्या डब्याला टेकून.
टॉवरच्या वॉचमनची बायको, देउमाया,
दोन वर्षं येते, कधी तोंड उघडलं नव्हतं,
ती उठली, मंगळीच्या टोपलीत हात घातला
आणि ओरडली, "कोदो!"
मंगळीने टोपली मागे ओढली. "नागली हाय."
"कोदो."
"नागली!"
देउमायाने हवेत भांडं धरलं, हवेतच घोटलं,
बोटाने चाटून दाखवलं.
मंगळी बघत राहिली.
मग म्हणाली, "अगं, मग आंबील म्हण ना."
आणि दोघी भांडायला बसल्या,
रात्रभर आंबवायची की नाही यावर,
एकीला दुसरीची भाषा न येता,
अर्धा तास.
रामपरवेश मधे दुभाषा झाला.
त्याला दोन्ही येत नव्हत्या.

लाइट आली.
सगळे उठले, नंबरावरून पुन्हा तेच,
माझा आधी, तुझा कधी लागला होता,
विमलताईंनी डबा पायाने पुढे सरकवला.
मी बटण दाबलं.
मंगळीने जाताना वळून पाहिलं नाही.
फक्त देउमायाचं दळण घेताना
पिशवीत मूठभर नागली जास्त निघाली.
मी काट्याकडे पाहिलं नाही.

रात्री शटर ओढण्याआधी जमीन झाडते.
झाडलेलं पीठ चाळून घेते, टाकवत नाही.
त्यात गहू असतो, चणे, नागली, तांदूळ,
थोडी वाळू, एखादं टोक तुटलेलं खिळ्याचं.
त्याची भाकरी कडेला फाटते,
उकळतं पाणी घातल्याशिवाय वळतच नाही.
नवरा म्हणतो, हे कशाचं आहे?
मी म्हणते, इथलं.