अडीच हात

पहिलं रीळ सगळ्यात आधी मरतं, डोमाजी म्हणायचा.
जनरेटर पहिल्या पाच मिनिटांतच रुसतो,
आणि पब्लिकच्या शिट्ट्यांत हात घाईला येतात.

त्या थंडीत आमच्या पेटीत एकच सिनेमा, खुनाचा.
घाटंजीची जत्रा, मग राळेगाव, मग खैरी.
मी तेरा वर्षांचा. रिळं उलटी गुंडाळायचो
आणि मशीनच्या बाजूच्या भोकातून सुरुवात पाहायचो.
शेवट कधीच नाही. तेव्हा मी भांडी घासत असायचो.

सुरुवात अशी:
रात्रीचं स्टेशन. कॅमेरा जमिनीला पोट टेकून, सरड्यासारखा.
तपकिरी बूट येतात. एकाची नाडी सुटलेली.
बूट थांबतात. कॅमेरा गुडघ्यावर चढतो,
कोटाच्या बटणांवरून वर,
काडी पेटते, हनुवटी उजळते,
तिच्यावरचा व्रण दिसतो न दिसतो,
कट.
फौजदार. समोरून, छातीपासून वर,
टोपीखाली सगळा उजेडच उजेड.

"पाहून ठेव लेका," डोमाजी म्हणे,
"ज्याले आधी थोबाड देल्लं, तो आपला.
ज्याचे आधी पाय दावले, त्याच्यापासून दूर राहाचं."

राळेगावात मशीनच्या दात्यांनी फिल्म चावली.
अंधार. कोणीतरी कनातीवर ढेकूळ मारलं.
मी कात्री चालवली, ब्लेडनं खरवडलं,
सिमेंट लावून फुंकर घातली.
अडीच हात फिल्म खिशात गेली,
पडद्यावरचे अडीच सेकंद:
गुडघा, कोट, काडी, हनुवटी.

खैरीत बूट आले, थांबले,
आणि लगेच फौजदाराचं तोंड.
झालं. फौजदारच मारेकरी.
त्यानं विधवेला पाणी दिलं तर तंबू फुस्स करून हसला.
तो देवापुढे हात जोडून उभा राहिला
तर मागून एकजण ओरडला, "पाह्य पाह्य, कसा डोळे मिटते!"
इंटरवलला एक म्हातारी तंबाखू मळत सुनेला सांगत होती,
"त्याच्या गोडबोलीवर नोको जाऊ.
नाडी नाही पाह्यली का त्याची?"

डोमाजीनं कपाळाला हात लावला.
मला मात्र रात्रभर झोप नाही,
इतका मी खूश.
एका थेंबात मी माणूस फिरवला होता.

तिसऱ्या रात्री तिकिटाचा डबा गेला.
पऱ्हाट्यांच्या शेकोटीभोवती सगळे उभे.
मालकानं विचारलं, कोणी काही पाह्यलं?
मी पाह्यलं होतं.
कनातीखाली दोन पाय. भेगाळलेली टाच.
अंगठ्याला चिंधी.
आणि बाहेर आलो तर जनरेटरच्या बल्बखाली
बकाराम धारवाला, चिंधीवाला,
उजेड थेट तोंडावर.

"पाय दिसले," मी म्हणालो, "मग हा दिसला."

मधे किती वेळ गेला, कोणी विचारलं नाही.
मधे मी लघवीला गेलो होतो.
मधे आलुबोंडा खाल्ला होता, गरम, जीभ भाजली होती.
हे सगळं मी खाली पडू दिलं.

त्याला पोलीस पाटलाकडे नेलं.
त्याचं धारेचं चाक कोणी विहिरीत ढकललं, त्याचा आवाज
मला अजून येतो, आधी काठावर, मग बऱ्याच वेळानं पाण्यावर.
नेताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.
राळेगावात आमची कात्री त्यानंच लावून दिली होती,
पैसे न घेता. चिंधी तेव्हाची.
हाताच्या अंगठ्याला.

डबा सापडला की नाही, माहीत नाही.
दुसऱ्या दिवशी आम्ही तंबू उचलला.

तो तुकडा आहे माझ्याजवळ, बिस्किटाच्या डब्यात.
आंबट वास येतो, कडा वळल्यात.
कधी अंगणात उन्हासमोर धरतो.
साठ चौकटी, नखाएवढ्या.
गुडघा. कोट. बटण, बटण, बटण.
कॅमेरा काही घाई करत नाही.
काडी पेटते,
आणि शेवटच्या चौकटीत तो माणूस
तोंड वळवायला नुकता लागलेला असतो.