शिट्ट्या तेरा

तेरा घरांनी मिळून शिट्ट्या आणल्या
खालच्या बाजारातून, डझनाच्या भावानं.
तेरावी तशीच द्या म्हटलं, तर दुकानदार हसला,
"चोर वाढले की माझा धंदा वाढतो, बाई,
फुकट कशाला देऊ?"

हिशेब माझ्याकडे. वहीत लिहिलं:
शिट्ट्या तेरा. दोरी, लाल, दहा मीटर.
खांबावर होल्डर एक, बल्ब दोन,
एक फुटणारच हे धरून.

लिमाच्या या टेकडीवर पाऊस असा पडतच नाही.
मे महिन्यात समुद्राकडून धुकं येतं
आणि पायऱ्यांवर बसून राहतं,
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
दोनशे एकतीस पायऱ्या.
धुक्यात दहाच दिसतात, बाकीच्या पायांना पाठ.
जे रात्री येतात
त्यांच्याही पायांना पाठ.

आधी गेला नेलिदाचा सिलिंडर.
मग दोरीवरचे शाळेचे कपडे, ओलेच.
मग कासिमिरोची पाण्याची मोटर,
तिचे हप्ते अजून चालू आहेत,
दर महिन्याला तो न चुकता भरतो
कुणाच्या तरी घरच्या पाण्याचे पैसे.

पोलीस आले. बसले. पाणी प्यायले.
कागदावर लिहिलं, "चढ फार."

मग आमचं आम्हीच ठरवलं.
एक शिट्टी: अनोळखी पाऊल.
दोन: माझ्या दारात.
तीन: सगळे या.
म्हाताऱ्या एर्लिंदाला दात नाहीत, फुंकर निसटते,
तिला पातेलं दिलं आणि पळी.

पहिले आठ दिवस कुणाचा डोळा लागला नाही.
मांजराला एक शिट्टी. वाऱ्याला दोन.
सातुर्निनो पिऊन उशिरा घरी आला
त्याला तीन,
बायकोनंच वाजवल्या म्हणतात.

जूनमध्ये खरंच एक सापडला.
तीन शिट्ट्या, मग पातेलं, मग कुत्री.
मी पोचले तोवर तो खांबाला बांधलेला,
माझ्याच लाल दोरीनं,
शिट्ट्यांना पुरून उरलेली साडेतीन मीटर.
पंधरा-सोळाचा असेल. एकाच पायात बूट.
कासिमिरोच्या हातात पाइपचा तुकडा,
मोटर गेली तेव्हा मागे राहिलेला.
"मोटर कुठंय?"
"माहीत नाही."
"मोटर कुठंय?"
दर प्रश्नाला गर्दी एक पायरी खाली.
बल्ब त्यांच्या पाठीमागे होता.
मला सगळ्यांची नावं येत होती,
वर्गणी कुणाची थकलीय तेही,
पण चेहरा एकाचाही लागेना.

ओरडले असते, तर ऐकलं कुणी असतं?
गळ्यातली शिट्टी तोंडात धरली
आणि वाजवली.
एकच.

सगळे थबकले. वळले.
धुक्यात वर पाहिलं, खाली पाहिलं.
कोण? कुठं?
कुणी नव्हतं.
मी पुन्हा वाजवली,
एकच,
आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात एर्लिंदा पोचली, सगळ्यांत शेवटी,
गुडघे धरत, पातेलं कमरेवर.
त्याच्यासमोरच्या पायरीवर टेकली,
दम खाऊन विचारलं,
"दुसरा बूट कुठंय रे?"

कासिमिरोनं पाइप टाकला नाही.
काखेत धरला फक्त,
छत्री धरावी तसा.

उजाडता पोलीस चढून आले, त्याला नेलं,
दोरीही नेली, पुरावा म्हणून.
परत द्या म्हटलं, तर पावती फाडेनात.

वहीत लिहिलं:
दोरी साडेतीन मीटर, वजा.
मोटर मिळाली नाही. हप्ता अकरावा.
बूट एक, डावा, चौऱ्याऐंशीव्या पायरीवर सापडला.
ज्याचा असेल त्यानं न्यावा.

खांबाला, बल्बच्या खाली, खिळ्यावर अडकवलाय.
तीन महिने झाले.
अजून कुणी न्यायला आलं नाही.
चोरलाही नाही कुणी.